जनरेटरच्या कंट्रोलरचं शून्य कुठलं?

मे महिन्यातली रात्र. नागपुरात कळमन्याच्या बाजूचं एक शीतगृह, आत मिरचीची पोती. लाइट गेली, जनरेटर आपोआप सुरू झाला आणि दोन मिनिटांत ‘लो ऑइल प्रेशर’ दाखवून बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. माझ्यासोबतचा पोरगा टॉर्च धरून म्हणाला, “भाऊ, ऑइल तं बरोबर आहे. हे मीटरच खोटं बोलून राहिलं.” निदान अगदी बरोबर होतं. पण मीटर खोटं का बोलतंय हे कळायला मला दोन नवे सेंडर (इंजिनवर बसून प्रेशर मोजणारे तुकडे) आणि दोन रात्री लागल्या. पॅनलचं वायरिंग माझंच, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं.

पॅनलच्या दारावर छोट्या स्क्रीनचा जो डबा असतो तो कंट्रोलर. त्याच्याकडे येणाऱ्या वायरी दोन जातींच्या. पहिल्या जातीची वायर फक्त हो किंवा नाही सांगते: इमर्जन्सी बटण दाबलंय का, ब्रेकर लागलाय का. दुसऱ्या जातीची वायर ‘किती’ ते सांगते: ऑइलचं प्रेशर किती, पाण्याचं टेम्परेचर किती, टाकीत डिझेल किती, या सेटने, म्हणजे जनरेटरने, किती किलोवॅट उचलायचे. ही ॲनालॉग इनपुटं. हो-नाहीच्या वायरीवर थोडा गंज चढला, अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला, तरी उत्तर तेच राहतं. ‘किती’वाल्या वायरीवर तेवढाच गंज चढला की उत्तर बदलतं, आणि स्क्रीनवर ते इतक्या ठामपणे, दशांशासकट उमटतं की कुणाला शंकाही येत नाही.

बर्डीला झिरो माइलचा खांब आहे. त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. ती खरी, कारण ती एका ठरलेल्या जागेपासून मोजलेली. कुणी महालातून मोजायला निघाला आणि आकडा जुळला नाही, तर दगड खोटा ठरत नाही. व्होल्टचं असंच आहे. ‘या वायरवर १ व्होल्ट आहे’ हे अर्धं वाक्य झालं. कशापासून १ व्होल्ट? कंट्रोलर म्हणतो, बॅटरीच्या निगेटिव्हपासून. सेंडर म्हणतो, इंजिनच्या बॉडीपासून. जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर असतो, त्याचं शून्य तिसरंच. ही तिन्ही एकच आहेत असं धरून वायर ओढली की भानगड सुरू. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारी फिरून फिरून इथेच येतात. कंट्रोलर डीप सीचा असो, कोमॅपचा असो की पुण्याच्या सेडेमॅकचा. टर्मिनलचे नंबर वेगळे, गणित तेच.

सेंडर: एक वायर दिसते, दोन असतात

इंजिनच्या ब्लॉकमध्ये पान्याने आवळून बसवलेला डबीसारखा तुकडा म्हणजे सेंडर. त्याच्या डोक्यावर बहुधा एकच टर्मिनल असतं, म्हणून नवख्याला वाटतं की एक वायर जोडली की काम झालं. दुसरं टर्मिनल म्हणजे त्याचे आटे. करंट कंट्रोलरमधून वायरीने येतो, सेंडरच्या पोटातल्या रेझिस्टन्समधून जातो आणि आट्यांतून इंजिनच्या बॉडीत उतरतो. प्रेशर किंवा टेम्परेचर बदललं की तो रेझिस्टन्स बदलतो. कंट्रोलर थोडासा करंट सोडतो, किती व्होल्ट उभे राहिले ते मोजतो आणि त्याच्या पोटातल्या तक्त्यावरून, म्हणजे ‘कर्व्ह’वरून, बार किंवा अंश काढतो.

आपल्याकडे सर्रास दिसणारा प्रेशर सेंडर शून्य प्रेशरला सुमारे १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला सुमारे १८० ओहम दाखवतो. १० बारचा असेल तर ढोबळ मानाने एका बारला १७ ओहम. टेम्परेचरचा सेंडर उलटा चालतो: पाणी तापलं की ओहम कमी. नेहमीच्या १२० अंशांच्या सेंडरमध्ये ९० अंशांना सुमारे ५१ ओहम असतात, १०० अंशांना सुमारे ३८.

आता वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, म्हणजे लग, नीट क्रिंप झालेला नाही आणि वाटेत १३ ओहम जास्तीचे घुसले असं समजा. पाणी १०० अंशांवर उकळायला आलेलं, सेंडर खरे ३८ ओहम दाखवतोय, पण कंट्रोलरला ३८ अधिक १३, म्हणजे ५१ दिसतात. तो निवांतपणे ९० अंश लिहितो. तोच ढिला लग प्रेशरच्या वायरीवर असता तर प्रेशर पाऊण बारने जास्त दिसलं असतं. दोन्हीकडे चूक एकाच दिशेला जाते: सगळं ठीक आहे असं सांगण्याकडे. ढिला जोड इंजिनला बंद पाडत नाही, तो इंजिनला मरू देतो. म्हणूनच मी क्रिंपिंगच्या बाबतीत पोरांच्या डोक्यावर बसतो. वायर किती लांब आहे याची काळजी मात्र सहसा करू नका. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १८ ओहम. जाऊन-येऊन २० मीटर झाली तरी अर्ध्या ओहमच्या आत. चोर जोडात असतो.

वायर पूर्ण तुटली तर? ओहम अनंत. प्रेशरचा काटा टोकाला आणि पाणी थंडगार, दोन्ही पुन्हा दिलासा देणारं. बऱ्याच कंट्रोलरांत ‘सेन्सर ओपन सर्किट’चा वेगळा अलार्म असतो, तो सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. कमिशनिंगच्या, म्हणजे सेट पहिल्यांदा चालू करून देण्याच्या, घाईत तोच राहून जातो. कर्व्ह चुकीचा निवडला तर गंमत आणखी. डिझेलच्या काही सेंडरांत रिकामी टाकी २४० ओहम आणि भरलेली ३३ असते, काहींत रिकामी १० आणि भरलेली १८०. पहिल्या जातीच्या सेंडरला दुसऱ्या जातीचा कर्व्ह दिला की टाकी जितकी रिकामी होईल तितकी भरलेली दिसते.

आटे हेच टर्मिनल असल्यामुळे टेफ्लॉन टेपचा मोह आवरा. ऑइल गळू नये म्हणून मेकॅनिक प्रेमाने सहा-सात वेढे देतो आणि सेंडरचा परतीचा रस्ताच कापतो. टेप लागतच असेल तर एक-दोन वेढे, तेही आट्यांचा काही भाग उघडा ठेवून.

तर शीतगृहात काय झालं होतं

कंट्रोलरवर ‘सेन्सर कॉमन’ नावाचं एक टर्मिनल असतं. त्याची वायर इंजिनच्या ब्लॉकपर्यंत न्यायची असते, सेंडरांच्या जवळ, स्वतंत्र, मध्ये दुसरं कुणीही न जोडता. मी ती पॅनलमधल्याच निगेटिव्हच्या पट्टीवर ठोकली होती. चार मीटर वायर वाचली. दोन्ही शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हलाच जातात, मग फरक काय, असा माझा हिशोब.

फरक इंजिन आणि बॅटरी यांच्यामधल्या जाड अर्थ केबलमध्ये होता. तिचा लग रंग दिलेल्या जागेवर, रंग न खरवडता आवळलेला होता. इंजिन सुरू झालं की चार्जिंग अल्टरनेटर दमलेल्या बॅटरीत ३०-३५ अँपिअर ढकलायला लागतो. हा करंट बॅटरीच्या निगेटिव्हमधून त्याच केबलने इंजिनच्या बॉडीकडे परततो. त्या रंगाच्या थरात नुसता ०.०१ ओहम असला तरी ३५ गुणिले ०.०१, म्हणजे ०.३५ व्होल्टचा फरक पडतो. इंजिनचं शून्य पॅनलच्या शून्याच्या ०.३५ व्होल्ट खाली जातं.

आता कंट्रोलर सेंडरमध्ये १० मिलीअँपिअर सोडतो असं धरा. साडेतीन बार प्रेशरला सेंडर ७० ओहमच्या आसपास, म्हणजे ०.७ व्होल्ट. त्यातून ०.३५ वजा झाले की कंट्रोलरला ३५ ओहम दिसतात, म्हणजे दीड बारच्याही खाली. तो काय करणार बिचारा? इंजिन वाचवायला त्याने सेट बंद केला. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. बॅटरी भरलेली असली की चार्जिंगचा करंट थोडा, आणि मग सेट तासन्‌तास चालायचा. त्यामुळे दिवसा तपासायला गेलं की सगळं छान, रात्री दोन-तीनदा लाइट गेली की रडगाणं. सेल्फ मारताना हेच उलट्या बाजूने होतं: स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो आणि इंजिनचं शून्य वर उचलतो.

सेन्सर कॉमन ब्लॉकवर नेलं की कंट्रोलर सेंडरची वायर आणि ब्लॉक यांच्यातलाच फरक मोजतो. ब्लॉक वर जावो की खाली, दोघं एकाच बैलगाडीत बसलेले, दचके एकत्रच खाणार. मी वायर नेली, केबलखालचा रंगही खरवडला. काढलेले दोन्ही सेंडर चांगले निघाले. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

जुलै २०२३ पासून आलेल्या सीपीसीबी फोर प्लस या धुराच्या नियमाच्या सेटांमध्ये हा भाग बराचसा आपल्या हातातून गेला. इलेक्ट्रॉनिक इंजिन स्वतःच प्रेशर, टेम्परेचर मोजतं आणि कॅन नावाच्या डेटाच्या दोन वायरींवरून आकडे पाठवतं. तिथे तपासायचं ते एवढंच की दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का. सप्लाय बंद करून मीटर लावला की ६० ओहम दिसले पाहिजेत. पण डिझेलची पातळी, बाहेरून येणारा लोडचा हुकूम, इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर आणि एव्हीआर यांच्या वायरी बहुतेक ठिकाणी अजून आपणच ओढतो. आणि हिंगण्यात, बुटीबोरीत जुने सेट अजून ढिगाने चालतात.

४ ते २० मिलीअँपिअर

कारखान्यातल्या पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, जनरेटरला सांगायचं आहे की इतके किलोवॅट उचल. अंतर शंभर मीटर. इथे व्होल्ट पाठवले तर पुन्हा दोन शून्यांचं भांडण. म्हणून करंट पाठवतात. एका रांगेत जोडलेल्या वायरीत करंट सगळीकडे सारखाच असतो; वाटेत पाच-सात ओहम कमी-जास्त झाले तरी पाठवणारा तेवढे व्होल्ट वाढवून करंट तोच ठेवतो. कंट्रोलरच्या तोंडाशी एक रेझिस्टर असतो, बहुधा २५० ओहमचा. त्यावर ४ मिलीअँपिअरचा १ व्होल्ट होतो आणि २० चे ५.

सुरुवात शून्याऐवजी चारपासून का? रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्याची शिट्टी आठवा. चोर नसला तरी तो वाजवतो. शिट्टी ऐकू आली म्हणजे सगळं ठीक, आणि ऐकूच आली नाही म्हणजे गुरखाच गायब. ४ मिलीअँपिअर म्हणजे ‘मी आहे, आकडा शून्य आहे’. ० मिलीअँपिअर म्हणजे वायर तुटली. ० ते १० व्होल्टच्या सिग्नलमध्ये ही सोय नाही. तिथे ‘लोड शून्य ठेव’ आणि ‘उंदराने वायर कुरतडली’ हे दोन्ही सारखेच दिसतात.

हिशोब सोपा. ५०० केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरला ४०० किलोवॅट. २४० किलोवॅट हवे असतील तर ते ६० टक्के झाले. १६ चे ६० टक्के ९.६, त्यात ४ मिळवा: १३.६ मिलीअँपिअर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि वायर जोडल्यावर मीटरने ताडून पाहा.

चुकतं ते वेगळ्याच जागी. लूपमध्ये, म्हणजे करंटच्या या पूर्ण फेऱ्यात, करंट ढकलणारा कोणीतरी एकच हवा. पीएलसीचं आउटपुट स्वतः करंट ढकलत असेल तर वाटेत आणखी २४ व्होल्ट घालायचे नाहीत. दोन वायरींचा प्रेशर ट्रान्समीटर मात्र स्वतः काही ढकलत नाही, त्याला लूपमधूनच जेवण लागतं. तिथे सप्लाय नसेल तर मीटर शून्यावरच. अशा ट्रान्समीटरला स्वतःसाठी साधारण १० ते १२ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीचा छोटा सेट असेल तर २० मिलीअँपिअरला कंट्रोलरचा रेझिस्टर ५ व्होल्ट खातो आणि उरतात ७. वाचन खालच्या भागात छान चालतं आणि वर गेलं की अडकतं. ‘सेन्सर अर्ध्यावर अटकून राहिला’ अशी तक्रार आली की आधी बॅटरी किती व्होल्टची ते विचारा.

शिवाय इनपुट करंटवर लावलंय की व्होल्टवर, तो जंपर किंवा सेटिंग पाहा. करंटवर ठेवलेल्या २५० ओहमच्या इनपुटला चुकून थेट २४ व्होल्ट लागले तर ९६ मिलीअँपिअर वाहतात, म्हणजे त्या इवल्याशा रेझिस्टरमध्ये सव्वादोन वॅटच्या वर उष्णता. वास आला की समजायचं.

शिल्ड आणि काळी माती

ॲनालॉगला पिळाची जोडवायर वापरायची, वर शिल्ड, म्हणजे धातूचं आवरण. पिळामुळे शेजारच्या पॉवर केबलची गुणगुण दोन्ही वायरींत सारखी शिरते आणि मोजताना एकमेकींना खाऊन टाकते. शिल्ड पॅनलच्या टोकाला अर्थ करायचं आणि दुसऱ्या टोकाला कापून, टेप लावून मोकळं सोडायचं. दोन्ही टोकं अर्थ करून ‘डबल सेफ्टी’ मिळत नाही. जनरेटरचं शून्य आणि कंट्रोल रूमचं शून्य यांच्यातल्या फरकाने शिल्डमधूनच करंट फिरायला लागतो.

हा फरक नागपुरात उन्हाळ्यात वाढतो, असा माझा अनुभव आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आटून भेगाळते. पारा ४५ च्या वर गेला की अर्थ पिटच्या आजूबाजूची माती इलेक्ट्रोड सोडते आणि पिटचा रेझिस्टन्स चढतो. जनरेटरच्या बॉडीला दोन आणि न्यूट्रलला दोन अशा पिट खणलेल्या असतात, त्यातल्या दोन सुकल्या आणि दोन कूलरच्या पाण्याने ओल्या, असंही मी पाहिलंय. पिटमध्ये पाणी घाला हे सांगणं सोपं. पण तुमचं ॲनालॉग वायरिंगच या फरकावर अवलंबून नसेल असं करणं जास्त टिकाऊ.

केबल ट्रेमध्ये पॉवर केबल आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या केबलींपासून ॲनालॉग वेगळी ठेवा; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

एव्हीआर आणि गव्हर्नर: इथे दिशा चुकू नये

दोन सेट समांतर चालवायचे तर कंट्रोलर गव्हर्नरला ‘जरा वेग वाढव’ आणि एव्हीआरला ‘जरा व्होल्टेज वाढव’ असं सांगतो, छोट्या व्होल्टच्या भाषेत. एव्हीआरसाठी हे इनपुट म्हणजेच ॲनालॉग कंट्रोल इनपुट. स्टॅमफर्डच्या अनेक एव्हीआरांवर ते ए-१ आणि ए-२ या टर्मिनलांवर येतं. ए-२ हे एव्हीआरच्या आतलं शून्य. ते अर्थ नाही. एव्हीआर जनरेटरच्या वाइंडिंगवरून वीज घेतो, त्यामुळे त्याचं शून्य बॅटरीच्या निगेटिव्हशी किंवा बॉडीशी जोडलं तर एव्हीआर जातो, सोबत कंट्रोलरचं आउटपुटही जाऊ शकतं. म्हणून इथे जोडलेली वस्तू पूर्ण तरंगती, अर्थपासून तोडलेली हवी. स्टॅमफर्ड त्यासाठी ५०० व्होल्ट एसीचं इन्सुलेशन मागतं. कंट्रोलरचं आउटपुट आयसोलेटेड, म्हणजे असं तोडलेलं, आहे का, हे मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय वायर लावू नका. नसेल तर मध्ये आयसोलेटर घाला. त्याची किंमत नव्या एव्हीआरपेक्षा कमीच असते.

दुसरी गोष्ट पोलॅरिटी. वायरी उलट लागल्या की कंट्रोलर ‘वाढव’ म्हणतो आणि व्होल्टेज घटतं. कंट्रोलरला वाटतं, ऐकलं नाही. तो आणखी जोरात ‘वाढव’ म्हणतो, व्होल्टेज आणखी घटतं. एकट्या सेटवर हे नुसतं विचित्र दिसतं. समांतर चालताना गव्हर्नरच्या वायरी अशा उलट असल्या तर एक सेट दुसऱ्याला ढकलायला लागतो आणि रिव्हर्स पॉवरवर, म्हणजे सेटमध्ये उलटी वीज शिरल्यावर, ब्रेकर पडतो. म्हणून ब्रेकर उघडा ठेवून, विनालोड, एकटा सेट १५०० आरपीएमवर चालवा. सिग्नल शून्य असताना ५० हर्ट्झ यायला हवेत. मग कंट्रोलरमधून हाताने थोडं ‘वाढव’ द्या आणि हर्ट्झ वर जातात का पाहा. व्होल्टेजसाठी तेच. दोन्हीकडे पूर्ण सिग्नलला हर्ट्झ दोनच्या आसपास आणि व्होल्टेज पाच ते दहा टक्के हललं की पुरे. यापेक्षा जास्त मोकळीक दिली की सेट हंटिंग करायला, म्हणजे सतत वर-खाली हेलकावायला, लागतो.

हे सगळं करण्याआधी कंट्रोलर ‘ऑटो’वरून काढा, आणि सेंडरच्या वायरीत हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. वायरमन फॅनच्या पात्याजवळ वाकलेला आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली, तर जनरेटर विचारून सुरू होत नाही.

तपासायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. बर्डीवरून १०, ५१, १०० आणि १८० ओहमचे रेझिस्टर चिल्लर पैशांत मिळतात. सेंडरची वायर काढा, वायर आणि ब्लॉक यांच्यामध्ये ५१ ओहमचा रेझिस्टर लावा, बॅटरी परत जोडा, आणि स्क्रीनवर ९० अंशांच्या आसपास येतात का बघा. आले तर वायरिंग आणि कर्व्ह दोन्ही बरोबर. दोष असलाच तर सेंडरमध्ये. मग हे इंजिन चालू असताना, चार्जिंग होत असताना पुन्हा करा. आकडा बंद इंजिनला ९० आणि चालू इंजिनला ७५ किंवा ११० येत असेल, तर नवा सेंडर विकत घेऊ नका. मल्टीमीटर मिलीव्होल्टवर ठेवा, एक प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर, आणि आधी तो आकडा वाचा.